फ्लॉप्या कोऱ्या नव्हत्या

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय १९४९चं. पन्नास वर्षं झाली तेव्हा मंडळानं एक स्मरणिका काढली होती. गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं, त्यामुळे तिच्यात पानपिंपळीच्या मळ्यांवर एक लेख होता, तेव्हा मूर्तिजापूर-अचलपूर धावणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीवर एक होता, आणि गाडगेबाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या आठवणी होत्या. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच तालुक्यात, म्हणून त्या आठवणींना इकडे घरातल्या माणसाच्या आठवणींसारखा मान. लिहिणारी बहुतेक मंडळी आता नाहीत. पंचाहत्तरीला तीच स्मरणिका पुन्हा छापायची असं ठरलं, आणि मग छापील प्रतींचा शोध सुरू झाला. वाचनालयाच्या कपाटातली प्रत वाळवीनं मधोमध खाल्लेली. गावात ज्यांच्या ज्यांच्याकडे असायला हवी होती त्यांच्याकडे ती रद्दीत गेलेली, नाहीतर नुसतं मुखपृष्ठ उरलेलं.

मी गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, झालंच तर कुणाचा मोबाइल हँग झाला तर तोही. त्यामुळे संगणकाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट शेवटी माझ्या टेबलावर येते. वाचनालयाचे जुने सचिव, आम्हा सगळ्यांचे गुरुजी, एक खोकं घेऊन आले आणि म्हणाले, "पाय बरं बापू, ह्याच्यातून काही निंघते का. डीटीपीवाल्यानं तवा सगळं फ्लॉपीत भरून देलं होतं."

खोक्यात साडेतीन इंची काळ्या फ्लॉप्यांची चळत होती, खाली सव्वापाच इंची लवचीक फ्लॉप्यांचं एक पाकीट होतं, आणि सोबत वाचनालयाचा जुना सीपीयू स्वतंत्रपणे हातगाडीवर आला. सीपीयूच्या आत पालीची अंडी निघाली.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह अजून ऑनलाइन मिळतो. हजार-बाराशे रुपयांत आला. फ्लॉपी घालण्याआधी एक गोष्ट मात्र केली, आणि ती प्रत्येकानं करावी. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती चकती असते, ती सरकवून तिथलं भोक उघडं करायचं. भोक उघडं असलं की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काहीही लिहू शकत नाही. आपल्या हातून किंवा विंडोजच्या हातून काही होण्याची शक्यताच संपते.

पहिल्या काही फ्लॉप्या सरळ वाचल्या गेल्या. जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला पाठवलेले अनुदानाचे प्रस्ताव, सभेची इतिवृत्तं, आणि एका फ्लॉपीवर डीबीएफ प्रकारची फाइल, म्हणजे फॉक्सप्रोमध्ये केलेली वर्गणीदारांची यादी. ती लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये दुधात साखर पडावी तशी उघडली. गुरुजींना यादीत स्वतःचा वर्गणीदार क्रमांक सापडला.

मग स्मरणिकेचा संच घेतला. पाच फ्लॉप्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत 'स्मर. १/५', 'स्मर. २/५' असं लिहिलेलं. पहिली घातली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर तो निरोप आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? दुसरीला तेच, तिसरीला तेच, पाचही फ्लॉप्यांना तेच. सेंटरमध्ये बसलेल्या एका पोरानं लगेच निकाल दिला, "काका, याच्यावर काहीच नाही. कोऱ्याच हायेत."

हा निरोप मला जुना शत्रू वाटतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. विंडोज डिस्कचा अगदी सुरुवातीचा भाग वाचून बघते. त्यात डिस्कवर किती सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे ठरावीक मापाचे कप्पे, आहेत, फायलींची नोंद कुठे आहे, ही माहिती असते. ती वाचता आली नाही, किंवा वाचून कळली नाही, की विंडोज सरळ फॉरमॅटचं विचारते. खरं तर तिला म्हणायचं असतं 'मला हे वाचता येत नाही', पण ती बोलते असं की जणू समोर काही लिहिलेलंच नाही. एखाद्या नव्या तलाठ्यानं मोडीतला जुना कागद हातात घ्यावा आणि 'हा कोरा आहे, यावर नवा फेरफार लिहू का?' असं विचारावं, तसला प्रकार. आणि होकार दिला तर तो खरंच लिहून मोकळा होतो. म्हणून पाचही वेळा नाही म्हटलं.

पाचपैकी एखादी खराब असती तर बुरशी म्हणालो असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मग खोलीत वाळ्याचा कूलर लागतो, आणि त्या ओल्या हवेत कपाटातलं सगळंच बुरसटतं. पण पाचही एकाच तऱ्हेनं नाही म्हणतात, आणि त्याच खोक्यातल्या बाकीच्या नीट वाचल्या जातात, याचा अर्थ कारण वेगळं असणार. भिंग घेऊन लेबलं पाहिली. प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक '१.६८' लिहिलेलं होतं.

तिथे गाठ सुटली. नेहमीची १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला तर १४,७४,५६० बाइट येतात. (हा आकडा कुठल्याच हिशेबानं नेमका १.४४ एमबी होत नाही. आधी १०२४ नं भागून १४४० केबी करायचे आणि मग हजारानं भागून १.४४ एमबी म्हणायचं, असा तो घोळ आहे आणि सगळ्या जगानं तो मुकाट्यानं चालवून घेतला.) आता त्याच ट्रॅकवर सेक्टरांमधली मोकळी जागा कमी करून १८ऐवजी २१ सेक्टर बसवले, तर त्याच फ्लॉपीवर १७,२०,३२० बाइट मावतात. ही चलाखी कुणा गावठी मेकॅनिकची नव्हे. मायक्रोसॉफ्टनंच विंडोज ९५ आणि ऑफिसच्या फ्लॉप्या अशा भरून विकल्या होत्या, म्हणजे फ्लॉप्या कमी लागाव्यात आणि कुणाला सहज नक्कल करता येऊ नये.

स्मरणिकेचं काम केलेला तेव्हाचा डीटीपी ऑपरेटर आता परतवाड्यात फ्लेक्सचा धंदा करतो. त्याला फोन लावला. म्हणाला, "होय नं भाऊ, विनइमेजनं आमी तशाच फॉरमॅट करत होतो. स्मरणिकेची फाइल पाच फ्लॉप्यात बसत नव्हती अन् सहावी फ्लॉपी दुकानात नव्हती." एका फ्लॉपीची बचत. पंचवीस वर्षांनी तिनं माझा उन्हाळा खाल्ला.

यूएसबी ड्राइव्हला हे २१ सेक्टर का वाचता येत नाहीत, तर त्याच्या पोटात एक छोटा नियंत्रक असतो आणि त्याला ठरावीक साचेच माहीत असतात: ७२० केबी, १.४४ एमबी, फार तर जपानमध्ये चालणारा एखादा. लॅपटॉप त्याला फक्त 'अमुक क्रमांकाचा सेक्टर दे' एवढंच सांगू शकतो. ट्रॅकवर नेमके किती सेक्टर आहेत ते त्याला शिकवता येत नाही. सॉफ्टवेअर कितीही बदला, उपयोग नाही. जुन्या संगणकात फ्लॉपीचा नियंत्रक मदरबोर्डवरच असायचा आणि त्याला बारीकसारीक हुकूम देता यायचे. म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह ३४ पिनांच्या पट्टीनं थेट बोर्डाला जोडलेला असेल असा संगणक हवा.

तो तर हातगाडीवरून आलेलाच होता. पाल, अंडी, धूळ काढली, रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबरानं घासले, नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलला. चालू केला तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, जळकट वास आला आणि सगळं शांत झालं. एसएमपीएस बदलून पाहिला, तरी बोर्ड काही बोलेना. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसत होते. त्याच्या नादी फार लागलो नाही.

त्याच्यातली हार्ड डिस्क मात्र काढून घेतली. ४.३ जीबीची, आयडीई जोडणीची, ४० पिनांची. आयडीईवरून यूएसबीवर नेणारा अडॅप्टर मिळतो, सोबत चार पिनांचा वेगळा वीजपुरवठाही येतो. डिस्कच्या मागचा जंपर 'मास्टर'वर ठेवला, लावली, आणि नव्या लॅपटॉपवर सगळे फोल्डर काही न विचारता दिसले. तिच्यावर फायली मांडण्याची पद्धत फॅट३२ होती, ती विंडोज ११लाही कळते. या डिस्कवर स्मरणिका नव्हती, पण फॉन्टच्या फोल्डरमध्ये श्री-लिपीचे फॉन्ट होते. ते पुढे फार कामाला आले.

फ्लॉपीसाठी मला मधल्या पिढीचा संगणक लागणार होता. एका हाताला जुनी खाच, दुसऱ्या हाताला नवी. पेंटियम ४च्या काळातले, साधारण २००२ ते २००८चे बोर्ड तसे असतात. फ्लॉपीची ३४ पिनांची खाच असते, यूएसबी असतो, सीडीवरून लिनक्सही सुरू होतं. असा संगणक शोधायला अमरावतीला जावं लागेल असं वाटलं होतं, पण तो अंजनगावच्या एका दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर, कुंडीसारखा उलटा ठेवलेला सापडला. त्यात विंडोज एक्सपी होती आणि ती चालू होती.

फ्लॉपी ड्राइव्ह जोडताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात. पट्टीच्या कडेची लाल तार पहिल्या पिनकडे हवी. उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो, यावरून लगेच कळतं. दुसरं, पट्टीच्या एका टोकाला काही तारा पिळून फिरवलेल्या असतात. त्या पिळाच्या पलीकडच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह 'ए' होतो, अलीकडचा 'बी'. मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन १.४४ एमबीचा ड्राइव्ह आहे असं सांगायचं. हे सगळं हातानं केलेली माणसं आमच्या तालुक्यात आता चाळिशीच्या पुढचीच सापडतील.

विंडोज एक्सपीनं पहिली फ्लॉपी उघडली! फाइल एकच: 'स्मरण डॉट झिप'. आणि फ्लॉपीचं नाव 'पीकेबॅक क्रमांक ००१'. दुसऱ्या फ्लॉपीवरही तीच 'स्मरण डॉट झिप', नाव 'पीकेबॅक क्रमांक ००२'. म्हणजे ऑपरेटरनं डॉसच्या पीकेझिपनं एकच मोठी झिप पाच फ्लॉप्यांवर सलग पसरवलेली. पाचही फ्लॉप्यांवर एकाच नावाची फाइल, म्हणून त्या एका फोल्डरमध्ये उतरवत गेलं तर प्रत्येक नवी आधीचीला पुसून टाकते. हे आधी दिसलं म्हणून पाच वेगळे फोल्डर केले.

तिसरी फ्लॉपी निम्म्यावर अडकली. झडप सरकवून चकती हातानं फिरवून पाहिली तर एका जागी पांढुरके डाग, बुरशीच. झिपची रचना अशी असते की आतल्या सगळ्या फायलींची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, म्हणजे शेवटच्या फ्लॉपीवर असते. ती पाचवी फ्लॉपी ठीक होती, म्हणून निदान आत काय आहे ते कळलं. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या सात फायली. आणि झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबून ठेवते, त्यामुळे तिसऱ्या फ्लॉपीतल्या डागाचा फटका फक्त त्या डागाखाली आलेल्या फाइलला बसणार होता, बाकीच्या सहींना नाही. ऑपरेटरनं सगळी स्मरणिका एकाच फाइलमध्ये न ठेवता भाग पाडले होते, त्याबद्दल त्याची १.६८ची चलाखी मी माफ केली.

इथे विंडोज सोडून लिनक्स घेतलं. त्याचं कारण असं की विंडोज खराब सेक्टरपाशी आली की सगळी नक्कलच रद्द करते. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेले भाग एका नोंदफाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि मग फक्त त्या भागांवर परत परत जातं. आणि लिनक्सला २१ सेक्टरांचा साचा नाव घेऊन सांगता येतो. फ्लॉपीच्या उपकरणाच्या नावापुढे 'यू१६८०' लावायचं, की ते बरोबर १६८० केबी मोजून घेतं. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं हलकेच पुसली, वाळू दिली, वाचली, परत पुसली. प्रत्येक खेपेला ड्राइव्हचे हेडही पुसायचे. नाहीतर तीच बुरशी पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडते. अडलेले सेक्टर हळूहळू कमी होत गेले आणि शेवटी थोडे उरले ते उरलेच.

एवढं सगळं उतरवून झाल्यावर त्या मधल्या संगणकातून माझ्या लॅपटॉपवर न्यायचं होतं. एक्सपी सुरू करून दुकानातला नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला. आणि एक्सपीनं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?

मला हसू आवरेना. तोच प्रश्न, फक्त दिशा उलटी. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये होता. ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं २००६ साली आणली, एक्सपीच्या नंतर, आणि एक्सपीला ती कळण्यासाठी वेगळं अपडेट टाकावं लागतं. त्या पेनड्राइव्हवर वर्षभराचे पीक विम्याचे अर्ज होते. नव्या संगणकाला जुनी डिस्क कोरी दिसते, जुन्याला नवी. दोघंही तितक्याच आत्मविश्वासानं विचारतात. बरं, तो ६४ जीबीचा फॅट३२मध्ये बदलून घ्यावा म्हटलं, तर विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही. शेवटी ड्रॉवरमधून जुना ४ जीबीचा शोधला, तो दोघांनाही चालला. तेव्हापासून सेंटरमध्ये एक लहान, फॅट३२चा पेनड्राइव्ह वेगळा ठेवला आहे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, पण फाइल पोचवायला त्याच्याइतका सोशिक निरोप्या दुसरा नाही.

लॅपटॉपवर पाच तुकड्यांची नावं बदलली. पहिल्या चारांना 'झेड०१' ते 'झेड०४' अशी शेपटं, पाचव्याला तसंच 'झिप' ठेवलं. मग सेव्हन-झिपनं तो संच एकत्र ओळखला. सहा फायली स्वच्छ निघाल्या, सातवीवर 'डेटा एरर'. गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांना सांगितलं, सगळं आलं, एक भाग अर्धवट आहे. ते म्हणाले, "मंग दाखव नं." आता त्यांना कसं सांगायचं की फाइल हातात आली आहे पण दाखवता येत नाही.

कारण पेजमेकर ६.५ आता कुठे आहे? अडोबीनं त्याचा कारभार इनडिझाइनकडे दिला, आणि पेजमेकरच्या फायली उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६. त्यानंतरच्या आवृत्त्या ओळखही दाखवत नाहीत. पण लिबरऑफिसनं २०१५च्या सुमारास, ४.४ या आवृत्तीपासून, पेजमेकरच्या फायली वाचण्याची सोय घातली आहे. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जुन्या लिखाणाची एवढी काळजी घेतं आणि ज्यांनी ते पैसे घेऊन विकलं ते पुढे निघून जातात, हे मला दर वेळी खटकतं. ड्रॉमध्ये फाइल उघडली. पानांची मांडणी बरीचशी जागेवर, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. पेजमेकर मोठे फोटो फायलीत न ठेवता फक्त त्यांचा पत्ता ठेवायचा, आणि ते फोटो ऑपरेटरच्या त्या वेळच्या डिस्कवर राहिले. ती डिस्क कधीच भंगारात गेली. गाडगेबाबांच्या कीर्तनाला जमलेल्या गर्दीचा एक फोटो स्मरणिकेत होता असं जुनी माणसं सांगतात. तो गेला.

आणि मजकूर? इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर, कंस, सगळ्यांची खिचडी. आमच्या पिढीला हे नवं नाही. १९९९ साली विंडोज ९८ला देवनागरी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येत नव्हतं; ते विंडोज २०००पासून आलं. त्याआधी श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव, प्रत्येकानं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीनं मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. जुन्या हार्ड डिस्कवरचे श्री-लिपीचे फॉन्ट लावले आणि मराठी उमटली. गुरुजी चष्मा पुसून वाचायला लागले.

पण दिसणं वेगळं आणि खरी मराठी असणं वेगळं. छापखान्याला आता युनिकोड लागतं. श्री-लिपीवरून युनिकोड करणारी साधनं आहेत, मात्र नुसतं एका अक्षरामागे दुसरं ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडात ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. 'कार्तिक' या एका शब्दात दोन्ही उड्या माराव्या लागतात. त्यात श्री-लिपीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये काही जोडाक्षरांची जागा वेगळी, त्यामुळे कधी सगळे 'श्र' बिघडतात तर कधी सगळे 'ळ'. आणि लेखात मध्येच इंग्रजीत लिहिलेलं असेल तर रूपांतर करणारं साधन त्यालाही मराठीच समजतं. जाहिरातींच्या पानावर 'एसटीडी पीसीओ' असं मूळ इंग्रजीतलं होतं, त्याचं भलतंच काहीतरी झालं. जाहिरातींचे फोन नंबर तर सगळे जोडाक्षरं झाले.

अर्धवट राहिलेल्या सातव्या फाइलला लिबरऑफिस हात लावेना. तिच्यातून सलग वाचण्यासारखे बाइट वेगळे काढणारं लिनक्सचं 'स्ट्रिंग्ज' हे साधन वापरलं. ते एरवी फक्त साधी इंग्रजी अक्षरं उचलतं, आणि श्री-लिपीची निम्मी अक्षरं त्यांच्या बाहेरच्या जागांवर असतात, म्हणून आठ बिटांची अक्षरंही घे असं त्याला वेगळं सांगावं लागतं. पानपिंपळीच्या लेखाचा पूर्वार्ध असा परिच्छेदाच्या तुकड्यांनी मिळाला. उत्तरार्धातलं थोडं वाळवीच्या प्रतीतल्या वाचलेल्या पानावर होतं. मधला भाग नाही.

मुद्रितशोधनाला गुरुजी आणि त्यांच्याच वयाच्या एक शिक्षिकाबाई बसल्या. रोज संध्याकाळी सेंटर बंद करायच्या वेळेला दोघांचा वाद. शकुंतलेवरचा लेख वऱ्हाडीत आहे, त्यामुळे एखादा शब्द विचित्र दिसला की तो लेखकानं मुद्दाम तसा लिहिला की संगणकानं बिघडवला हेच ठरेना. "मले तर हे बरोबर वाटते," असं गुरुजी म्हणायचे, आणि बाई मूळ श्री-लिपीतलं पान माझ्याकडून परत उघडून घ्यायच्या. बहुतेक वेळा बाईच बरोबर निघाल्या.

स्मरणिका आता छपाईला गेली आहे. पाचही फ्लॉप्यांच्या जशाच्या तशा प्रतिमा, पेजमेकरच्या मूळ फायली, साधा युनिकोड मजकूर आणि पीडीएफ, असं सगळं तीन ठिकाणी ठेवलं आहे. फ्लॉप्या मी टाकल्या नाहीत.

राहिलं ते सव्वापाच इंची फ्लॉप्यांचं पाकीट. लेबलांवर 'दाखल नोंद' आणि 'बालविभाग' लिहिलंय, म्हणजे वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांची यादी असावी. या आकाराचा यूएसबी ड्राइव्ह दुकानात मिळत नाही. त्या मधल्या संगणकाच्या बायोसमध्ये सव्वापाच इंचीचा पर्याय दिसतो, फक्त ड्राइव्ह नाही. त्याच्या मागची जोडणीही साडेतीन इंचीहून वेगळी, पिनांऐवजी कडेला पट्ट्या असलेली, त्यामुळे तशी केबलही लागेल. १.२ एमबीचा ड्राइव्ह असला तरी चालेल, ३६० केबीच्या फ्लॉप्या तो वाचतो. फक्त त्यावर लिहायचं नाही, कारण त्याचा हेड अरुंद असतो आणि त्यानं लिहिलेलं मग जुन्या ड्राइव्हला धड वाचता येत नाही. आपल्याला लिहायचं नाहीच. विदर्भात कुणाच्या माळ्यावर असा चालू ड्राइव्ह पडला असेल तर वाचनालय येण्याजाण्याचा खर्च देईल. एसटीच्या पार्सलनं पाठवणार असाल तर ड्राइव्हमध्ये फ्लॉपीच्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा घालून दांडी लावून टाका, नाहीतर वाटेत हेड एकमेकांवर आपटतात.